वाचकांचे प्रश्न: लाकडी लुअर शेकड्याने काढायचेत, सीएनसी लेथ घेऊ का?

या वेळी पत्रांमध्ये मासळीचा वास आहे. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त लागली, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न: काका, मी वर्सोव्याला राहतो, गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा, नाद लहानपणापासून. घरीच छोट्या लेथवर (लाकूड फिरवून कातायची मशीन) पटाशीने लाकडी पॉपर बनवतो, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लुअर, गळाला लावायचा खोटा मासा, मित्रांना देता देता आता दुकानवाले मागायला लागलेत, एक जण म्हणतोय महिन्याला ५०० दे. हाताने दिवसाला दहा-बाराच्या वर होत नाहीत आणि दोन नग एकसारखे निघत नाहीत. पॉपर १२ सेंटिमीटर लांब, २५ मिमी जाड, लाकूड सागाचं, चुलतभावाच्या फर्निचरच्या गाळ्यातले उरलेले तुकडे. वैताग असा की काही नग छान तरंगतात आणि काही सरळ बुडतात. वालीवला भावाच्या गाळ्यात जागा आहे, लोन काढून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, वुड लेथ घ्यावी का? मशीनवर सगळे सेम येतील ना?

उत्तर: आकाराने सेम येतील, वजनाने येणार नाहीत. आणि लुअर पाण्यात कसा बसतो, कसा पळतो ते आकार आणि वजन दोन्ही मिळून ठरवतात, त्यामुळे तुमचं जे खरं दुखणं आहे, काही तरंगतात काही बुडतात, ते लाखो रुपयांची मशीन आणूनही तसंच राहील.

हिशोब करून बघू. १२ सेंटिमीटर लांब आणि २५ मिमी जाड असा सरळ गोल दांडा घेतला तर आकारमान जवळपास ५९ घन सेंटिमीटर, पॉपरला कंबर-शेपूट असते म्हणून त्यातलं ४० धरा. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १०२५ ग्रॅम, म्हणजे हा पॉपर सगळं सामान धरून ४१ ग्रॅमपर्यंत असेल तर तरंगणार, हुक-रिंगांनाही थोडं उचल मिळते ते धरून फार तर ४३. आता साग. सागाची घनता घन सेंटिमीटरला साधारण ०.६५ ग्रॅम धरतात पण तुकड्या-तुकड्यात ती ०.५५ पासून ०.७ च्या वरपर्यंत फिरते, कुठल्या झाडाचा, झाडाच्या कुठल्या भागाचा यावर. म्हणजे नुसत्या लाकडाचं वजन एका नगात २२ ग्रॅम आणि दुसऱ्यात २८-२९. त्यावर दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक, रिंगा, तार, शिसं मिळून १४ ग्रॅम आणि रंग आणि इपॉक्सीचे (वरचं कडक पारदर्शक कोटिंग) ३. एक नग झाला ३९, तरंगला. दुसरा झाला ४६, गेला तळाला. तुमच्या हाताचा दोष नाहीये हो यात, साग या कामाला मुळात काठावरचं लाकूड आहे, फुकट मिळतंय म्हणून वापरलं जातंय एवढंच. शिवाय सागात सिलिका असते, ती टूलची धार खाते.

म्हणून आधी लाकूड बदला. शिवण बघा, म्हणजे हिंदीवाल्यांची गम्हार, रे रोडच्या वखारींत विचारताना दोन्ही नावं सांगा. ०.४५ च्या आसपास बसते, कातायला गुळगुळीत, आणि सुकल्यावर फारशी पिळवटत नाही. त्याच पॉपरचं लाकूड मग १८ ग्रॅम, सगळं धरून ३५, म्हणजे पाच-सहा ग्रॅम हातात उरतात ते शिसं म्हणून शेपटीकडे टाकता येतात, पॉपर शेपूट खाली करून बसतो आणि लांब फेकला जातो. हळदू कातायला अप्रतिम आहे, जुने कातारी त्याचं नाव काढतात, पण जड. पांगारा आणि सावर एकदम हलके, तरंगायचा प्रश्नच नाही, पण रेषे मऊ असल्यामुळे टूलखाली तुटायच्या ऐवजी दबतात आणि पृष्ठभाग लवयुक्त निघतो, मग घासत बसा. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं म्हणून कोणी सुचवेल, त्यात गाठी असतात आणि कधी कधी खिळेही, एक लपलेला खिळा कार्बाइडच्या टूलचा तुकडा पाडतो.

लाकूड ठरलं की वजनकाटा. हे कोणी करत नाही आणि खरं काम इथेच आहे. कातायच्या आधी प्रत्येक चौकोनी दांडकं सारख्या मापात कापून वजन करा. ३० मिमी चौकोनी आणि ४३० मिमी लांब दांडकं शिवणीचं असेल तर १५५ ते १९५ ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी येईल. तीन क्रेट ठेवा, १६५ च्या खालचे, १६५ ते १८०, आणि त्यावरचे. दांडक्यात २० ग्रॅमचा फरक म्हणजे तयार पॉपरमध्ये २ ग्रॅमचा फरक पडतो, तेवढं शिसं कमी-जास्त करायचं, क्रेटप्रमाणे. ५०० पॉपरना १७० च्या आत दांडकी लागतात, म्हणजे वजन करायला एक संध्याकाळ, बाकी काही नाही.

४३० मिमी का, तर एका दांडक्यात तीन पॉपर, दोन्ही टोकांना आणि मध्ये मध्ये थोडी चौकोनी बुटकी (न कातलेले छोटे तुकडे) सोडून. मशीनवाला डेमोमध्ये मीटरभर लांब दांडकं लावून एकदम सात-आठ नग काढून दाखवेल, बघायला भारी वाटतं, पण बारीक दांडकं मधे झोल खातं, थरथरतं, आणि मधले नग जाड-बारीक येतात. लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट होतं, हा हिशोब बीमचा आहे, त्यात घासाघीस नाही. स्टेडी रिंग (मधे आधार देणारं कडं) लावून ते सावरता येतं पण रिंगला गोल पृष्ठभाग लागतो आणि आपल्याला तर बुटकी चौकोनीच ठेवायचीत.

ती चौकोनी कशाला, तर हे ऐका. लेथवरून गोल झालेला पॉपर उतरला की त्याची पोटाची बाजू कुठली आणि पाठीची कुठली हे कोणालाच सांगता येत नाही, मग हुकची भोकं एका रेषेत येत नाहीत, आणि ती रेष एक-दोन मिलिमीटर जरी सरकली तरी पॉपर पाण्यात कुशीवर झोपतो. दोन्ही बाजूंना चौकोनी बुटकं असेल तर तीन पॉपरची ती माळ सरळ जिगमध्ये (नग धरून ठेवायच्या साच्यात) सपाट बसते, पोटाकडून पातळ सर्क्युलर ब्लेडने २ मिमीची खाच, त्यातच तार आणि शिसं, वरून इपॉक्सी भरायचं, पोटाच्या हुकचं भोकही त्याच बैठकीत, आणि मग सगळ्यात शेवटी बुटकी कापून तीन नग वेगळे. नुसते आय-स्क्रू लावून काम भागवू नका, हलक्या लाकडात ते धरत नाहीत, चांगली सुरमई लागली की स्क्रू उपटून घेऊन जाते आणि गिऱ्हाईक तुमच्या नावाने ओरडतो. नाकापासून शेपटीपर्यंत सलग स्टेनलेसची तार हवी, लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. पॉपर आणि बुटक्याच्या मधली मान ८-१० मिमीच्या खाली नेऊ नका आणि माना कातायच्या त्या टेलस्टॉककडून (दांडक्याला टोकाला आधार देणारा भाग) सुरू करून चककडे (दांडकं धरून फिरवणारा जबडा) यायचं, कारण दांडक्याला फिरवणारा जोर चककडून येतो, तिकडची मान आधी बारीक केली तर पुढचं सगळं तिच्यावर लोंबकळतं आणि पिळून तुटतं.

आता स्पीड. बाजारातल्या बहुतेक सीएनसी वुड लेथ टेबलाचे पाय, जिन्याचे कठडे, पलंगाचे खांब यांच्यासाठी बनवलेल्या असतात. १०० मिमी जाडीचा पाय १२०० आरपीएमवर (मिनिटाला १२०० फेरे) फिरतो तेव्हा लाकूड टूलसमोरून सेकंदाला सव्वासहा मीटर वेगाने जातं. तुमचा २५ मिमीचा पॉपर ३००० आरपीएमवर फिरवला तरी जेमतेम चार मीटर, आणि बारीक मानेपाशी दीडच्या आसपास. लाकूड कमी वेगाने कापलं की रेषे सुटतात, फाटतात. म्हणून मशीन बघायला जाल तेव्हा बेड केवढा मोठा, किती टूल एकदम चालतात याला भुलू नका, स्पिंडल (लाकूड फिरवणारा दांडा) किती आरपीएमला थरथर न करता चालतो ते विचारा, ३००० च्या खालचं तर घेऊच नका, ४००० मिळालं तर उत्तम. आणि डेमो तुमच्या लाकडावर, तुमच्या ड्रॉइंगवर मागा, त्यांच्या ठेवणीतल्या पायावर नको.

आणि मग लोनचा प्रश्न. ३००० आरपीएमला प्रत्येक फेऱ्याला टूल ०.३ मिमी पुढे सरकतं असं धरलं तर मिनिटाला ९०० मिमी, म्हणजे ४३० च्या दांडक्यावर एक पास अर्ध्या मिनिटात. तीन-चार पास आणि काढघाल धरून तीन पॉपरना तीन मिनिटं. ५०० नग म्हणजे साडेआठ तास, एक पाळी. एका दिवसात महिन्याचं काम उरकलं आणि उरलेले एकोणतीस दिवस मशीन ताडपत्रीखाली आणि हप्ता चालू! हां, भाऊ त्यावर फर्निचरचे पाय काढणार असेल, मशीनचं पोट भरणार असेल, तर वेगळी गोष्ट. नसेल तर वसई, भिवंडीकडे फर्निचरवाल्यांसाठी जॉब वर्क करणारे शोधा ज्यांच्याकडे अशी लेथ पडून असते. पहिल्यांदा ते नाक मुरडतील, एवढं बारीक काम नको म्हणतील, त्यांना वजन करून क्रेटमध्ये लावलेली सारख्या मापाची दांडकी आणि ड्रॉइंग नेऊन द्या, नुसतं कातून परत घ्या. दांडक्याच्या टोकावर क्रेटचा रंग लावून द्या म्हणजे तिकडे सगळं एकत्र झालं तरी परत निवडता येतं.

पैसा घालायचाच तर पुढच्या कामात घाला, तुमचा वेळ तिथे जाणार आहे, लेथवर नाही. घासणं, सीलर, परत घासणं, प्रायमर, रंग, डोळे, इपॉक्सीचे दोन हात, प्रत्येक हाताला सुकायला दिवसभर. इपॉक्सी ओघळू नये म्हणून नग फिरत ठेवायचं चाक लागतं, एका वेळी पन्नास नग बसतील असं गिअर मोटर लावून कोणीही फॅब्रिकेटर करून देईल, मोटर, बेअरिंग नागदेवीला मिळून जातात. पावसाळ्याचं मात्र नीट ध्यानात घ्या. आपल्याकडे जुलैत उघड्यावर पडलेलं लाकूड हवेतला ओलावा पीत पीत १६-१८ टक्क्यांवर जातं, ते तसंच कातून रंगवलं की कोरड्या महिन्यांत आक्रसतं आणि वरचं इपॉक्सी तडकतं. ११-१२ टक्क्यांवर असेल तेव्हाच काता, स्वस्तातलं मॉइश्चर मीटर पुरतं. दमट हवेत मारलेली एनसी लॅकर (झटपट सुकणारं लाकडाचं पॉलिश) पांढरट पडते, रिटार्डर (सुकणं लांबवणारं) थिनर घालून थोडं सावरता येतं पण माझं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर कोरडी खोली असल्याशिवाय स्प्रे गन बाहेरच काढू नये.

शेवटचं, गाळ्यात एक निळं ड्रम पाणी भरून ठेवा, लिटरला ३५ ग्रॅम मीठ. हुक लावलेला प्रत्येक नग त्यात टाकून बघायचा, शेपूट खाली, नाक वर, सरळ. कुशीवर गेला तर तो बाजूला. ज्या फिनलंडच्या लाउरी रापालाच्या नावाची कंपनी आज जगभर लुअर विकते, त्याने १९३६ मध्ये पहिला लुअर कॉर्कमधून कोरला होता, वरून चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद आणि वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा थर. ती कंपनीही आपला प्रत्येक लुअर पाण्यात चालवून बघतो असं सांगते. ५०० नगांना हे करणं कंटाळवाणं आहे, मान्य, पण दुकानातून परत आलेला माल त्याहून कंटाळवाणा.

प्रश्न: पनवेलजवळ एक खुर्च्यांचा कारखाना बंद पडलाय, त्यांची जुनी हायड्रॉलिक कॉपी लेथ भंगाराच्या भावात मिळतेय. लुअर आणि भोवरे दोन्ही काढायचा विचार आहे. घ्यावी का?

उत्तर: भाव खरंच भंगाराचा असेल तर बघायला जाच. कॉपी लेथमध्ये कॉम्प्युटर नाही, पत्र्याची टेम्प्लेट असते, तिच्यावरून बोटासारखी एक दांडी सरकते (तिलाच बोट म्हणतात) आणि टूल त्याची नक्कल करतं. बिघडली तर तुमच्या जवळचा कुठलाही फिटर उघडून दुरुस्त करू शकतो, सीएनसीचा ड्राइव्ह उडाला की वाट बघत बसावं लागतं. तिथे गेल्यावर चकाला हात लावून वर-खाली हलवा, बेअरिंगचा खडखड जाणवला तर तो खर्च धरा. तेल गळतंय का, आणि सगळ्यात वरच्या स्पीडला किती थरथरते. वर स्पीडचं जे लिहिलंय ते इथेही लागू आहे, खुर्चीच्या पायाची मशीन आहे, पुली बदलून आरपीएम वाढवायला लागेल, ते बेअरिंगला झेपेल का ते आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

बोटाच्या टोकाचा गोलवा बघायला विसरू नका. टेम्प्लेटमधली खोबण त्या गोलव्यापेक्षा अरुंद असेल तर बोट आत शिरतच नाही आणि लुअरच्या मानेपाशी जी तेज खाच हवी ती बोथट येते. भोवऱ्याला चालून जातं, लुअरलाही बऱ्याचदा चालतं.

एकाच आकाराचे हजारो नग काढायचे असतील तर बॅक-नाइफ लेथ नावाचा आणखी एक प्रकार असतो, त्यात नगाच्या पूर्ण लांबीची, आकार दिलेली पाती मागून तिरकी खाली येते आणि एका झटक्यात सगळा आकार उतरतो. फार वेगवान. पण आकार बदलला की पाती नवी, आणि ती करून घेणं महाग, त्यामुळे तुमच्या कामाला नाही.

प्रश्न: लेथवर सगळं गोलच होतं. मला मांदेलीसारखा, तारलीसारखा चपटा लुअर हवाय. तो ऑटोमॅटिक लेथवर शक्य आहे का? (ठाण्याचा वाचक)

उत्तर: दोन वाटा आहेत. एक जुनी आणि फार हुशार. अमेरिकेत थॉमस ब्लँचार्ड नावाच्या माणसाने १८१९ मध्ये बंदुकीचे लाकडी दस्ते काढायला लेथ केली, तीत एक लोखंडी नमुना आणि एक लाकूड दोन्ही बरोबर फिरतात, नमुन्यावर चाक टेकलेलं असतं आणि ते जसं आत-बाहेर होईल तसा कटर लाकडात आत-बाहेर होतो. त्यामुळे गोल नसलेली वस्तूही कातली जाते. बुटांचे लास्ट (बूट शिवायचे पायाच्या आकाराचे साचे), कुऱ्हाडीचे दांडे याच तत्त्वावर निघत आले. आज तेच काम फिरत्या अक्षाचा सीएनसी राउटर (फिरत्या कटरने लाकूड कोरणारी मशीन) करतो, चपटा मासा हवा असेल तर मी तुम्हाला राउटरवाल्याकडेच पाठवीन.

दुसरी वाट साध्या लेथवरची, सेंटर सरकवून कातायची. दांडक्याच्या टोकावर मध्यापासून एका बाजूला ८ मिमीवर एक खूण आणि दुसऱ्या बाजूला ८ मिमीवर दुसरी. एका खुणेवर धरून २० मिमी त्रिज्येने काता, मग दुसऱ्या खुणेवर धरून तेवढंच. दोन गोलांचा जो सामाईक भाग उरतो तो डोळ्याच्या आकाराचा, जाडी २४ मिमी आणि उंची जवळपास ३७, पाठीला आणि पोटाला धार. तारलीची बऱ्यापैकी छान नक्कल होते. पण मध्यावर नसलेलं दांडकं फिरताना हादरे देतं, स्पीड निम्म्यावर आणावा लागतो, दोनदा धरावं लागतं, आणि खुणा दोन्ही टोकांना अगदी समोरासमोर नसतील तर मासा पिळलेला निघतो. शंभर नगांपर्यंत ठीक, पुढे राउटर.

प्रश्न: नमस्कार काका, डोंबिवलीहून लिहितेय. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखा लाखेचा रंग लेथवरच लुअरला चढवता येईल का? इपॉक्सीचा वास सहन होत नाही.

उत्तर: ताई, दिसायला सुंदर होईल, पण समुद्रात टिकणार नाही. कातकामात लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, वास नाही, सुकायची वाट बघणं नाही, शोभेच्या वस्तूंना त्याच्याइतकं छान काही नाही. पण लाख पाण्यात बराच वेळ राहिली की पांढरी पडते, खडकावर आपटली की टवका उडतो आणि तिथून पाणी आत शिरून लाकूड फुगतं. तिच्यावर इपॉक्सी मारावं म्हटलं तर लाखेत मेणाचा अंश असतो, वरचा थर नीट धरत नाही. वासाचा त्रास असेल तर पाण्यात मिसळणारं दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग बघा, तीन-चार पातळ हात द्यावे लागतील, मास्क तरीही हवाच. लाखेचे लुअर मात्र भिंतीवर लावायला आणि किचेनला काढून बघाच, गरवणाऱ्यांपेक्षा गिफ्टवाले जास्त घेतील.

प्रश्न: आमच्या गाळ्याच्या वर लोक राहतात. लेथच्या भुशाने त्रास होईल का? आणि ग्लोव्हज घालून काम करावं का?

उत्तर: मोठा भुसा दिसतो, तो झाडून निघतो. घासताना उडणारी बारीक धूळ दिसत नाही आणि ती वाईट, लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत सगळ्यात वरच्या गटात आहे. डस्ट कलेक्टर टूलच्या शक्य तितक्या जवळ, पिशवी गाळ्याच्या आत, नाकावर एन९५. ग्लोव्हज लेथवर कधीच नाही, फिरत्या लाकडाने कापड पकडलं की हात आत जातो. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, हातातला दोरा, सगळं काढून ठेवायचं. आणि वर लोक राहत असतील तर रात्री आठनंतर बंद.

प्रश्न: समुद्राचा पॉपर पवई तलावात चालेल का?

उत्तर: तरंगेल, गोड्या पाण्यात ४१ च्या जागी ४० ग्रॅमची उचल मिळेल एवढाच फरक. पण पवईत जे बहुतेक गरवायला बसतात ते कटला-रोहूसाठी, आणि ते मासे पिठाच्या गोळ्याला येतात, पॉपरकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिथे अँगलिंग असोसिएशन आहे, आधी त्यांच्याकडे चौकशी करा. आणि लुअर पाणवनस्पतीत अडकला तर दोरा तोडा, सोडवायला पाण्यात उतरू नका, तलावात मगरी आहेत.